गळ्यातल्या दोन डब्या

"येत्या दहा वर्षांत माणसाच्या मेंदूवर माणसाचेच राज्य येईल, आणि त्या राज्याची पहिली वीट सोलापुरात बसेल," असे डॉ. भीमाशंकर करजगी यांनी १९७५ च्या जुलैत आमच्या डॉक्टर मंडळींच्या मासिक सभेत उभे राहून जाहीर केले. सभेला चौदा जण हजर होते. त्या सभेचे इतिवृत्त अजून माझ्याकडे आहे, कारण ते लिहिणारा मीच. त्यात नोंद आहे ती अशी: 'चहा गार होता. पुढील सभेस गरम असावा असे सर्वानुमते ठरले. सूचक डॉ. करजगी.'

करजगींचा दोष एवढाच, की ते जे बोलत ते त्यांना खरेच वाटत असे. मद्रासला शिकून, दोन वर्षे विलायतेत मेंदू उघडून-मिटून ते परत आले होते. मुंबईत राहिले असते तर मोठे झाले असते, असे सगळे म्हणत. विशेषतः त्यांची बायको. इथे आमच्या धर्मादाय इस्पितळात त्यांना एक टेबल, एक दिवा आणि मी मिळालो. मी भूल देणारा. पण करजगींची जी खास शस्त्रक्रिया होती, ती रोग्याला जागे ठेवून करायची असते. कवटीला भोक पाडायचे तेवढ्या जागी सुई टोचून बधिर करायचे, बस. मेंदूला स्वतःला काही दुखत नाही. त्यामुळे तिथे माझे काम म्हणजे रोग्याशी गप्पा मारणे. त्याची जीभ अडखळली तर करजगींना सांगायचे. वीस वर्षे लोकांना झोपवून झाल्यावर कोणालातरी जागे ठेवण्याची जबाबदारी माझ्यावर पहिल्यांदाच आली.

शस्त्रक्रिया कंपवाताची. मेंदूच्या गाभ्यात वाटाण्याएवढी एक जागा आहे. डोक्याला पितळी चौकट स्क्रूने बसवायची, एक्स-रेवर मोजमाप घ्यायचे, आणि लांब सुईसारखी तार त्या जागेपर्यंत नेऊन तेवढा वाटाणा जाळायचा. मग हाताची थरथर थांबते. चौकट विलायतेहून मागवायची ऐपत इस्पितळाची नव्हती, म्हणून ती करजगींनी गिरणीतल्या एका फिटरकडून कातून घेतली होती. फार सुबक काम. फिटरला ती कशासाठी हे कळल्यावर तो आठवडाभर टोपी घालून हिंडत होता.

तर जाळण्याआधी जागा बरोबर आहे का हे पाहायला तारेतून थोडी वीज सोडतात. करजगींच्या लक्षात आले, की वीज पुरेशा जलद ठोक्यांनी सोडली तर काही न जाळताच थरथर थांबते. वीज बंद केली की परत सुरू. हे इतरांनीही पाहिले असणार. पण पाहून पुढे जाळायचे म्हणून जाळत. करजगी तिथेच अडकले. न जाळता तार आतच ठेवली आणि बाहेरून डबीभर वीज चालू ठेवली तर? आज हात थांबेल, उद्या अपस्मार थांबेल. ते मला म्हणत, "फिट म्हणजे काय रामहरी? मेंदूतली वीज उधळते. तिला आपल्या विजेनं वेसण घालायची." त्यांनी तीन परदेशी नियतकालिकांना पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले. छापील कार्ड होते, पत्र मिळाल्याचे.

अशात, त्याच वर्षी दिवाळीनंतर, मंद्रूपचे सिद्रामप्पा आले.

वय बावन्न. शेती, आणि बाजारात पेंडीचे दुकान. बरोबर बायको चंद्रव्वा. सिद्रामप्पांनी दोन्ही हात पुढे केले. उजवा थरथरत होता, डावा फडफडत होता.

"किती दिवस?" करजगींनी विचारले.

"सात वर्सं झाली की. आदी उजवा जरासा, मग डावा लई. पर एक फायदा हाय बगा साहेब. या हातावर माशी बसत न्हाय. बसाय येती, इचार करती, आन् जाती."

चंद्रव्वा हसली नाही. हा विनोद तिने सात वर्षे ऐकला होता.

"शेतीची कामं होतात?"

"त्याला गडी हाईत. च्या ही पाजती बशीतनं. कापडं ही घालती. त्याचं काय न्हाय."

"मग अडलंय कुठं?"

सिद्रामप्पांनी बायकोकडे पाहिले. बायकोने फरशीकडे पाहिले. "पूजा," ती म्हणाली.

करजगींचे पेन थांबले. ते त्यांच्यातलेच, लिंगायत होते, त्यांना लगेच कळले. मला नंतर समजावून घ्यावे लागले. सिद्रामप्पांच्या गळ्यात चांदीची डबी होती, तिच्यात इष्टलिंग. लहानपणी दीक्षेच्या वेळी गळ्यात बांधलेले, ते मरेपर्यंत अंगापासून दूर करायचे नाही. रोज अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचे, त्यावर पाणी घालायचे, विभूती लावायची, बेलाचे पान ठेवायचे आणि डोळे न हलवता बघत बसायचे. त्यानंतर जेवायचे. त्याआधी नाही.

"शिरावणात खाली पडलं," चंद्रव्वा म्हणाली. "घरंगळत पेंडीच्या पोत्याखाली गेलं. दुपारपत्तोर हुडकत व्हतो."

"मठातल्या स्वामींनी परत दीक्षा दिली," सिद्रामप्पा म्हणाले. "म्हनले, रोग हाय, पाप न्हाय. पाटावर ठिवून पूजा कर."

"बरोबर सांगितलं त्यांनी."

"पाटावर ठिवलं की पाटाचं झालं की, साहेब. माजं कुटं ऱ्हायलं?"

म्हणजे ज्या दिवशी हात ऐकेल त्या दिवशी पूजा, आणि पूजा होईल त्या दिवशी जेवण. हात आठवड्यातून तीन दिवस ऐकत होता. बाकीचे चार दिवस सिद्रामप्पा पाण्यावर. चंद्रव्वाने खालून मनगट धरून पाहिले, तर ते म्हणत, ही पूजा तुझी झाली. आम्ही त्यांना वजनकाट्यावर उभे केले, तेव्हा काट्यालाही विशेष काही जाणवले नाही.

"साहेब, तुमी तर आपल्यातले," चंद्रव्वा म्हणाली, "तुमी तरी समजावा यांना. असंच चाललं तर ह्यो मानूस उन्हाळा बगत न्हाय."

सिद्रामप्पा करजगींच्या शर्टाच्या उघड्या बटणाकडे पाहत होते. "तुमच्या गळ्यात दिसत न्हाय?"

"घरी आहे. कपाटात."

"कपाटात," सिद्रामप्पा म्हणाले. टोमणा नव्हता. आपण डॉक्टर लोक रोग्याने सांगितलेले लक्षण जसे परत उच्चारतो, तसे म्हणाले.

संक्रांत झाल्यावर शस्त्रक्रिया ठरली. टेबलावर घेण्याआधी सिस्टर म्हणाली, अंगावरचे धातूचे सगळे काढा. सिद्रामप्पांनी डबी मुठीत धरली. "हे काढलं की मी मेलो. मग कुनाच्या डोस्क्यात तार घालता?" सिस्टरने आमच्याकडे पाहिले. करजगींनी डबी निर्जंतुक कापडात गुंडाळून त्यांच्या उजव्या दंडाला बांधायला सांगितली. विलायतेत हे शिकवत नाहीत.

चौकट बसली. भोक पडले. मी स्टूल ओढून तोंडाजवळ बसलो आणि माझे काम सुरू केले.

"काय सिद्रामप्पा, पेंडीचा धंदा कसाय?"

"तुमी भूलवाले न्हवं? मग बोलून कशाला भुलवताय?"

"हात पुढे करा," पडद्यामागून करजगी म्हणाले.

डावा हात पुढे आला आणि पकडलेल्या चिमणीसारखा फडफडू लागला.

"अंगठ्यात मुंग्या आल्या का?"

"आल्या. बोलावल्याशिवाय आल्या."

"आता?" करजगींनी वेग वाढवला. "आता? आता?"

आणि हात थांबला.

कमी झाला असे नव्हे. थांबला. पाचही बोटे हवेत जिथे होती तिथे राहिली. सिद्रामप्पा त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी मला विचारले, "कुटं गेलं?"

करजगींनी वीज बंद केली, फडफड आली. चालू केली, गेली. असे त्यांनी सहा वेळा केले. शेवटच्या तीन वेळा गरज नव्हती.

आता जाळायचे. तसे ठरले होते, तशी सही होती. करजगी पडद्याच्या कडेने माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "तार आत ठेवतो."

"ठरलं होतं ते करा," मी म्हणालो. "हात थांबलाय. जाळा आणि घरी पाठवा."

"जाळणारे जगात शेकड्यांनी आहेत, रामहरी. मी जाळलं तर नऊशे कितवा तरी. तार ठेवली तर पहिला."

"आणि त्यांना काय सांगायचं?"

करजगींनी आवाज चढवला. "सिद्रामप्पा, दोन वाटा आहेत. एक, आत जाळायचं. दुसरी, तार ठेवायची, बाहेर एक डबी. डबी चालू तोवर हात थांबलेला. काही वाटलं तर काढता येते. जाळलेलं परत आणता येत नाही."

"साहेबांना जे बरं वाटंल ते," सिद्रामप्पा म्हणाले. ते हाताकडेच पाहत होते. त्या क्षणी त्यांना डोके काढून ठेवता का विचारले असते तरी हो म्हणाले असते.

मी आणखी काही बोललो नाही. माझे काम रोग्याशी बोलण्याचे होते.

डबी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मडिवाळप्पांनी केली. साबणाच्या डबीएवढी, ॲल्युमिनियमची, आत बारके सेल, वर एक बटण आणि एक नॉब. आणून देताना त्यांनी विचारले, "डॉक्टर, हिच्यावर मराठी लागणार का कानडी?" तार कानामागून कातडीखालून खाली आणली होती, ती गळपट्टीच्या हाडाखाली बाहेर निघत होती. तिथून डबीला. प्रश्न होता, डबी ठेवायची कुठे. खेड्यातला माणूस, खिशात ठेवली तर सदरा खुंटीला टांगताना डबीही टांगेल आणि मेंदूतली तार बाहेर ओढली जाईल.

करजगींनी फार विचार करून मार्ग काढला. डबीला दोरा ओवून ती त्यांनी स्वतःच्या हाताने सिद्रामप्पांच्या गळ्यात, चांदीच्या डबीशेजारी घातली.

"ही अंगापासून क्षणभर दूर करायची नाही. झोपताना नाही, शेतात नाही. गळ्यातल्या लिंगाला जसं जपता, अगदी तसंच हिला. समजलं?"

"समजलं की."

"अगदी तसंच."

"अगदी तसंच, साहेब."

बाहेर आल्यावर करजगी मला म्हणाले, "शंभर सूचना दिल्या असत्या तर दहा पाळल्या असत्या. मी एकच दिली." मलाही ती युक्ती फार आवडली होती. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे ती कोणाला आवडली होती हे कोणीच कबूल करीना.

मग एकोणचाळीस दिवस चांगले गेले. त्यांना वॉर्डातच ठेवले होते. पहिल्या सकाळी सिद्रामप्पांनी अंघोळ करून, तारेची जागा कोरडी ठेवून, तळहातावर लिंग घेतले. चंद्रव्वा शेजारी बसली होती. सवयीने तिचा हात त्यांच्या मनगटाखाली गेला आणि तिथे काही करायला नाही हे लक्षात आल्यावर तसाच हवेत राहिला. नंतर दोन-तीन दिवस तो तसाच जायचा. पूजा झाल्यावर सिद्रामप्पांनी तीन भाकऱ्या शेंगांच्या चटणीशी खाल्ल्या आणि शेजारच्या खाटेवरच्याला विचारले, तुमी खानार न्हाय का ती?

दुपारी मी गेलो तर ते डावा हात मांडीवर उताणा ठेवून बसले होते. तळहातावर माशी.

"हाकला की ती," मी म्हणालो.

"बसू द्या. लई दिसांनी आलीया."

करजगी रोज त्यांच्याकडून कागदावर गोल काढून घेत, तारीख घालून वहीत चिकटवत. एकाखाली एक गोल, सगळे शाळेतल्या हुशार मुलाने काढल्यासारखे. वहीत लिहिलेले असे: कंप शून्य. कंप शून्य. कंप शून्य. वहीची पाने पाहून घरी त्यांच्या बायकोने एक दिवस स्वतःहून चहा दिल्याचे त्यांनी मला सांगितले.

त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या प्राध्यापकांना पत्र घातले, येऊन स्वतः पाहा म्हणून. प्राध्यापक यायला तयार झाले. त्या वर्षी गाड्या वेळेवर येत होत्या, त्यामुळे ते सकाळी वेळेवरच आले.

प्राध्यापकांनी वही पाहिली, एक्स-रे पाहिले, डबी बंद करायला लावली. हात फडफडला. चालू करायला लावली. हात थांबला. त्यांनी स्वतःला आणलेला चहाचा कप बशीसकट उचलून सिद्रामप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवला आणि घड्याळ काढले. पाच मिनिटे. वॉर्डातले सगळे रोगी उठून बसले होते. चहावर साय धरली; ती हलली नाही. चहा पार गार झाला आणि या वेळी कोणी तक्रार केली नाही.

"करजगी," प्राध्यापक म्हणाले, "नोव्हेंबरात मुंबईला परिषद आहे. एक तास तुमचा."

करजगींचे कान लाल झाले. प्राध्यापकांना घेऊन आम्ही न्याहारीला गेलो. परत येताना फोटोग्राफर घेऊन येऊ, असे सिद्रामप्पांना सांगून गेलो.

आम्ही सकाळीच येऊन धडकल्यामुळे सिद्रामप्पांची पूजा राहिली होती. ती त्यांनी आता मांडली.

त्यांची पूजा मी पहिल्या दिवशी पाहिली, मग रोज कोण पाहतो. करजगी गोल काढून घ्यायला दुपारी येत. त्यामुळे आम्हांला दोघांनाही हे माहीत नव्हते, की दुसऱ्या दिवसापासून तळहातावर दोन वस्तू असत. अगदी तसंच म्हणजे अगदी तसंच. चांदीच्या डबीतले लिंग, आणि शेजारी मडिवाळप्पांची डबी. दोन्हींना विभूती, दोन्हींवर बेल. पाणी मात्र ते लिंगावरच घालत आणि डबीला ओले बोट फक्त टेकवत, कारण चंद्रव्वा म्हणाली होती, आत सेल हाईत, भिजतील. रेडिओ तिच्या भावाकडे होता, तिला माहीत होते.

पण आजचा दिवस वेगळा होता. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरपुढे या डबीने साहेबांची लाज राखली होती.

आम्ही दारात आलो तेव्हा सिद्रामप्पा मांडी घालून बसले होते. कपाळाला विभूती, डावा हात दगडासारखा, उजव्या हाताने चंद्रव्वाच्या मदतीने धरलेला तांब्या, आणि तांब्याची धार सरळ डबीवर.

"थांबा!" करजगी ओरडले.

सिद्रामप्पांनी हसऱ्या चेहऱ्याने वर पाहिले. तो चेहरा तसाच एका बाजूला ओढला गेला. मान वळली, हात आखडला, आणि ते खाटेवर आडवे होऊन झटके देऊ लागले. लिंग खाली जात होते ते चंद्रव्वाने पदरात झेलले. डबी दोऱ्याला लोंबकळत राहिली. मी धावलो, त्यांना कुशीवर केले, डबीचे बटण बंद केले, इंजेक्शन दिले, आणि ते झोपले. त्या सगळ्या संशोधनात मला माझे काम करायला मिळाले ते तेवढेच.

मडिवाळप्पांनी नंतर सांगितले, नॉबमधून पाणी आत गेले आणि थोडी थोडी सुटायची ती वीज सगळी एकदम सुटली. जी डबी पुढे फिट थांबवणार होती, तिने फिट आणून दाखवली.

प्राध्यापकांनी डबी हातात घेतली. नॉबवर बेलाचे पान चिकटले होते. ते त्यांनी बाजूला केले.

"हे करायला यांना कोणी सांगितलं?"

"साहेबांनीच की," चंद्रव्वा म्हणाली. ती थरथर कापत होती. त्या खोलीत आता तीच कापत होती. "म्हनले, लिंगाला तसंच हिला. अगदी तसंच. दोनदा म्हनले."

प्राध्यापकांनी करजगींकडे पाहिले. "सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," करजगी म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीने प्राध्यापक गेले. तीही वेळेवर होती. नोव्हेंबरचा विषय निघाला नाही. सोलापूरच्या उन्हाबद्दल मात्र ते स्टेशनपर्यंत बोलले.

त्या आठवड्यात सिद्रामप्पांना आणखी दोन फिट आल्या. तार बाहेर येत होती त्या जागी पू झाला. तार काढावी लागली, आणि हात परत आला. सात वर्षांत नव्हता एवढा फडफडत आला, आणि उजवाही त्याच्या बरोबरीने. जखम भरेपर्यंत ते वॉर्डात होते. सकाळी अंघोळ करून बसत, लिंग तळहातावर घेत, चंद्रव्वा पदर पसरून खाली धरून बसे. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ते डबीत परत ठेवत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. जेवण आले तसे जाई. शेजारच्या खाटेवरचा रोगी एकदा म्हणाला, "अहो खा की, देव काय काठी घेऊन बसलाय का?" सिद्रामप्पा म्हणाले, "काठी असती तर बरं झालं असतं. हाताला बांधली असती."

एप्रिलमध्ये करजगी मला म्हणाले, "जाळतो."

"थांबा थोडे दिवस. आत सूज असेल."

"थांबलो तर उपाशी मरेल तो." मग बराच वेळ ते चौकटीचे स्क्रू फिरवत बसले. "पहिल्यांदाच जाळायला हवं होतं. का नाही जाळलं, विचारा ना."

मी विचारले नाही. पडद्याच्या कडेला आम्ही दोघेच होतो, दोघांनाही पाठ होते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेला मी तेच स्टूल ओढून बसलो. सिद्रामप्पा फार वाळले होते, पण बोलत होते. त्यांच्याकडे एक खोंड होता, त्याची गोष्ट सांगत होते. खोंड इतका माजोरी की कोणाला जवळ येऊ देत नसे. फक्त चंद्रव्वाला देई.

"झालं, आता जाळतो," करजगी म्हणाले. "बोलत राहा."

"तर त्या खोंडाला," सिद्रामप्पा म्हणाले, "येक दिस पानी दावाय हिरीवर नेलं, तर त्यो..."

"मग?" मी म्हणालो.

पडद्यामागे काही आवाज नव्हता.

"मग, सिद्रामप्पा?"

त्यांचे डोळे उघडे होते. डावा हात, जो आतापर्यंत फडफडत होता, तो टेबलावर पडला होता.

"मग?" मी तिसऱ्यांदा म्हणालो. खोंडाने विहिरीवर काय केले, ते मला अजून कळलेले नाही.

आत एक केसाएवढी रक्तवाहिनी फुटली होती. जगातल्या कुठल्याही टेबलावर फुटू शकते. करजगींनी हे स्वतःला किती वेळा सांगितले मला माहीत नाही. मला मात्र एकदाही सांगितले नाही. चार दिवसांनी सिद्रामप्पा बोलू लागले, जरा जड जिभेने. डावी बाजू गेली ती गेली. महिन्याने चंद्रव्वाने त्यांना बैलगाडीत गवत घालून मंद्रूपला नेले. खोंड गाडीला नव्हता, हे मी मुद्दाम पाहिले.

करजगींनी त्यानंतर चौकट लावली नाही. डोक्याला मार लागलेले, गाठी आलेले रोगी बघत, तेवढेच. मासिक सभेत ते मागे बसू लागले. चहाबद्दलही बोलत नसत.

ऑगस्टमध्ये एका सकाळी ते माझ्या दारात गाडी घेऊन आले. "मंद्रूपला जायचंय. मला एकट्याला जमणार नाही."

वाटेत ते ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. त्यांनी माफी तयार केली होती. अधूनमधून एखादे वाक्य ऐकू येई. त्यात विज्ञान होते, अहंकार होता, आयुष्यभर हा शब्द दोनदा होता. चांगली होती. मी ऐकून न ऐकल्यासारखे करून बाहेर ज्वारीच्या पेरणीला केलेली राने पाहत होतो.

सिद्रामप्पा घराच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. नुकतीच अंघोळ झाली होती. डावा हात मांडीवर उशी घेऊन तिच्यावर उताणा मांडलेला. पावसाचे दिवस, दुकानातली पेंडीची पोती तिथेच सोप्यात रचलेली, माशा फार झाल्या होत्या.

"या साहेब. या भूलवाले." त्यांची नजर करजगींच्या गळ्यावर थांबली. कॉलरच्या आत दोरा दिसत होता. "गळ्यात दिसतंय."

"कपाटात जागा नव्हती," करजगी म्हणाले. "चौकट ठेवायची होती."

"हां," सिद्रामप्पा म्हणाले.

चंद्रव्वाने त्यांच्या गळ्यातली चांदीची डबी उघडली आणि लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवले. पाणी घातले, विभूती लावली, बेल ठेवला. सगळे तिनेच केले, कारण उजवा हात आता जवळ नेला तर लिंग उडून जाईल एवढा हलत होता. "बगा," ती आम्हांला म्हणाली, "रोज सगळी पूजा व्हती. दोन येळा जेवत्यात." ती हे अशा आवाजात म्हणाली, की तिला आमची समजूत घालायची आहे का आम्हांला फाडून खायचे आहे, हे मला आजही सांगता येणार नाही. मग ती चहा ठेवायला आत गेली.

तो हात खरोखर हलत नव्हता. सात वर्षे सिद्रामप्पांना जसा हवा होता, तसाच होता. लिंग त्यावर असे बसले होते जसे देवळातल्या दगडात.

करजगी सोप्याच्या पायरीवर उकिडवे बसले. दोन्ही हात जोडले. घसा साफ केला.

"सिद्रामप्पा, मी तुमचा अपराधी आहे. त्या दिवशी टेबलावर मला तुमचा हात दिसत होता, पण मी तुमच्या हाताकडे पाहत नव्हतो. मी माझ्या नावाकडे पाहत होतो. आयुष्यभर..."

मी उंबऱ्याकडे पाहू लागलो. सिद्रामप्पा मात्र एकटक तळहाताकडे पाहत होते. पूजेची नजर ती, मला वाटले, मध्ये बोलू नये.

"आयुष्यभर," करजगी परत म्हणाले, "ज्या विज्ञानाच्या नावाने मी..."

"साहेब," सिद्रामप्पा नजर न हलवता म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. अंगठ्यावरची माशी तेवढी हाकला की."